पारा आणि पट्टी : तापमान मोजण्याच्या मापांची कहाणी

उन्हाळा लागला की नागपूरकरांच्या घरात दोन आकडे हमखास ऐकू येतात. लेकराच्या अंगाला हात लावून आणि काखेत थर्मामीटर ठेवून आई म्हणते, "१०२ ताप आहे." त्याच घरात वर्तमानपत्र वाचून वडील सांगतात, "काल गावात ४५ होते." शाळेत जाणाऱ्या मुलाला प्रश्न पडतो की, ज्या उन्हात डांबर वितळते ते ऊन ४५ आणि खाटेवर पडलेल्या भावाचे अंग मात्र १०२, हे कसे? वडीलधारी मंडळी एवढेच सांगतात की, "ते माप वेगळे आणि हे माप वेगळे." उत्तर बरोबर आहे, पण एकाच घरात दोन मापे कशी आली, ती कोणी ठरविली आणि त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा, हे सांगायचे राहून जाते.

या लेखात त्याचीच ओळख करून देण्याचा आमचा मानस आहे. आम्ही काही विज्ञानाचे प्राध्यापक नव्हेत. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारी, दिवसाअखेर खतावणी जुळविणारी माणसे आम्ही. परंतु आकड्यांच्या रोजच्या सहवासाने एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. आकडा कोठून आला, कोणी लिहिला आणि त्याचा ताळा लागतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याखाली सही करायची नसते. तापमानाच्या मापांचा चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे असा ताळा लावण्याचाच इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थी मित्रांनी तो या दृष्टीने वाचावा.

उष्णता वेगळी, तापमान वेगळे

प्रथम एक घोटाळा दूर करू. उष्णता आणि तापमान हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात ते भिन्न आहेत. कपभर उकळता चहा आणि आंघोळीचे घंगाळभर कोमट पाणी घ्या. चहा अधिक तापलेला आहे, त्याचे तापमान जास्त. पण घंगाळातील पाणी तापवायला लाकडे अधिक लागली, म्हणजे त्यास दिलेली उष्णता जास्त. तापमान म्हणजे पदार्थ किती तापला आहे ती पायरी. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या असता उष्णता कोणीकडून कोणीकडे वाहील हे त्यावरून ठरते. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तशी उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते.

दुसरा घोटाळा आपल्या हाताचा. तीन भांडी घ्या. एकात थंड, दुसऱ्यात ऊन आणि मधल्यात कोमट पाणी ठेवा. एक हात थंड पाण्यात व दुसरा ऊन पाण्यात मिनिटभर बुडवून मग दोन्ही हात मधल्या भांड्यात घाला. एक हात म्हणेल पाणी गरम आहे, दुसरा म्हणेल गार आहे. पाणी तर एकच! आपल्याच दोन हातांचे जेथे एकमत होत नाही, तेथे दोन माणसांचे, दोन गावांचे किंवा दोन देशांचे कसे व्हावे? म्हणून साधन हवे, आणि त्या साधनावर सर्वांना मान्य होईल अशी पट्टी हवी.

पट्टी येण्यापूर्वी

पट्टी नव्हती तेव्हा माणसाचे काम अडले होते असे मात्र नव्हे. लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून घणाचा घाव घालावयाचा की नाही ते ठरवी. कढईतील तेलात पिठाचा थेंब टाकून तेल तापले की नाही हे आपल्या घरच्या बाया आजही पाहतात. आपल्या विदर्भात मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात; तेही अनुभवातून आलेले एक मापच होय. पण हे ज्ञान ज्याच्या डोळ्यांत आणि हातांत, त्याच्यापाशीच राहते. दुसऱ्याला ते जसेच्या तसे कागदावर लिहून पाठविता येत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने एक साधन वापरले, असे मानले जाते. काचेचा फुगा, त्याला जोडलेली बारीक लांब नळी आणि तिचे उघडे तोंड पाण्यात. फुग्यातील हवा तापली की प्रसरण पावून नळीतील पाणी खाली ढकली; हवा निवली की पाणी वर चढे. तापमान वाढले की घटले एवढे त्यावरून कळे. किती, ते कळत नसे. सँटोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने सुमारे १६१२ च्या सुमारास अशा साधनाला खुणांची पट्टी जोडून रोग्यांचा ताप पाहण्यास आरंभ केला. परंतु उघड्या नळीवर बाहेरच्या हवेचा दाब पडे आणि दाब बदलला की तापमान तेच असूनही पाणी हले. १६५४ च्या सुमारास टस्कनीचा ड्यूक फर्डिनांड दुसरा याने मद्यार्क भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेली काचनळी करविली आणि हवेच्या दाबाचा अडथळा दूर झाला.

तरीही मुख्य अडचण राहिलीच. प्रत्येक कारागिराची पट्टी निराळी! दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजाराच्या शेराशी जुळत नसे, तसाच हा प्रकार. एका गावचे १२ अंश दुसऱ्या गावच्या कोणत्या आकड्याइतके, हे सांगण्याची सोय नव्हती. उपाय एकच होता. निसर्गात कोठेही व केव्हाही सारख्याच तापमानाला घडणाऱ्या दोन घटना निवडायच्या, तेथे दोन खुणा करायच्या आणि मधल्या अंतराचे समान भाग पाडायचे. या खुणांना स्थिर बिंदू म्हणतात. कोणते बिंदू घ्यावेत यावर पुष्कळ खटपट झाली. कोणी लोणी वितळते ते तापमान सुचविले, तर कोणी खोल तळघरातील हवेचे. १७०१ मध्ये न्यूटननेही जवसाचे तेल भरलेल्या तापमापकावर आपली पट्टी मांडली. वितळणाऱ्या बर्फाला त्याने शून्य म्हटले आणि माणसाच्या अंगाच्या उबेला १२.

फॅरनहाइट : व्यापाऱ्याकडील उमेदवार

आपल्या घरच्या १०२ तापाचा जनक म्हणजे डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट. याचा जन्म १६८६ साली डँझिग (आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क) येथे झाला. १७०१ मध्ये विषारी अळिंबी खाण्यात येऊन त्याचे आईवडील एकाच दिवशी वारले. पालकांनी पंधरा वर्षांच्या या मुलाला व्यापार शिकण्यासाठी ॲमस्टरडॅमला धाडले. तेथे त्याचे मन हिशेबापेक्षा काचेच्या उपकरणांत रमले. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसताना तो गावोगावच्या शास्त्रज्ञांकडे गेला आणि काच फुंकण्यापासून पुढचे सर्व स्वतः शिकला. १७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर या ज्योतिर्विदास भेटला. रोमरने आपली एक पट्टी तयार केलेली होती. तीच पुढे फॅरनहाइटने सुधारली.

त्याचे मोठे काम म्हणजे पाऱ्याचा भरवशाचा तापमापक. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे उकळते पाणी मोजायला तो कुचकामी. पारा मात्र उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो आणि ३५७ अंशांच्या आसपास उकळतो. शिवाय तो काचेला चिकटत नाही आणि चकाकत असल्याने सहज दिसतो. १७१४ च्या सुमारास त्याने पाऱ्याचे तापमापक तयार केले. एकाच वेळी दोन तापमापक ठेवले असता दोघांचेही आकडे सारखे येत, ही गोष्ट त्या काळी आश्चर्याची होती.

१७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपली पट्टी मांडली. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान शून्य, नुसत्या बर्फ-पाण्याचे ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातील किंवा काखेतील तापमान ९६. हे आकडे आज आपल्याला विचित्र वाटतात. पण ३२ ते ९६ यांमधील ६४ भाग नळीवर पुन्हा पुन्हा निम्मे करीत सहज पाडता येतात, ही कारागिराची सोय होती. पुढे शास्त्रज्ञांनी ३२ आणि पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ हेच दोन बिंदू पक्के केले. मधले अंतर बरोबर १८० अंशांचे झाले, पट्टी किंचित सरकली आणि अंगाचे तापमान ९६ वरून ९८ च्या पुढे गेले.

सेल्सिअस : उलटी पट्टी

स्वीडनमधील उप्साला येथे अँडर्स सेल्सिअस (जन्म १७०१) हा खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. १७४२ मध्ये त्याने शंभर भागांची पट्टी सुचविली. गंमत अशी की त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० म्हटले होते. म्हणजे त्याच्या पट्टीवर थंडी वाढली की आकडा वाढे! १७४४ मध्ये तो वारला आणि त्या सुमारास इतरांनी ही पट्टी उलटी करून आजच्या रूपात आणली. फ्रान्समधील लिआँ येथील क्रिस्तँ यानेही १७४३ मध्ये स्वतंत्रपणे सरळ क्रमाची शंभर भागांची पट्टी काढली होती. फ्रान्समध्येच त्याआधी १७३० मध्ये रोमूर याने शून्य ते ८० अशी पट्टी काढली. ती युरोपात बराच काळ चालली व नंतर मागे पडली.

मग सेल्सिअसचे मोठेपण कशात? पाण्याचा गोठणबिंदू खरोखरच स्थिर आहे की नाही हे त्याने वारंवार तपासले. उकळण्याचा बिंदू मात्र हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो हे दाखवून, तो अमुक दाबालाच घ्यावा असे त्याने बजावले. हे आपल्याच भागात पडताळता येते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे. म्हणून येथे पाणी १०० अंशांना नव्हे तर सुमारे ९९ अंशांना उकळते. चिखलदरा अकराशे मीटरहून अधिक उंच. तेथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. 'पाणी १०० अंशांना उकळते' असे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यापुढे 'समुद्रसपाटीच्या दाबाला' हे शब्द जोडावेत.

या पट्टीला पूर्वी सेंटिग्रेड, म्हणजे शंभर पायऱ्यांची, म्हणत. १९४८ मध्ये मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला सेल्सिअसचे नाव दिले. भारतात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये आले. घरातला तापाचा थर्मामीटर मात्र जुन्या सवयीने फॅरनहाइटचाच राहिला. एका घरात दोन मापे आहेत ती अशी.

केल्विन : खरे शून्य

आता विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक. काल २० अंश होते, आज ४० आहेत, म्हणजे आज दुप्पट उष्णता, असे अनेकजण म्हणतात. हे चुकीचे आहे. बँकेच्या खात्यात शून्य शिल्लक म्हणजे खरोखर काहीच नाही. म्हणून ४० रुपये हे २० रुपयांच्या दुप्पट. परंतु सेल्सिअसचे शून्य म्हणजे 'काहीच नाही' असे नव्हे. ती केवळ बर्फाची जागा आहे. फॅरनहाइटचे शून्य तर नवसागराच्या मिश्रणाचे. मग खरे शून्य कोठे आहे?

याचा माग हवेच्या अभ्यासातून लागला. शून्य अंशांवरील वायू तेवढ्याच दाबाखाली एक अंशाने थंड केला तर त्याचे आकारमान सुमारे २७३ व्या भागाने घटते. याच हिशेबाने उतरत गेले तर उणे २७३ अंशांपाशी आकारमान संपावे. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रव होतो. पण त्याखाली उतरण्यास पायरी उरत नाही, हे यातून सूचित झाले. १८४८ मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी कोणत्याही एका पदार्थाच्या प्रसरणावर न विसंबणारी, उष्णतेच्या नियमांवर उभी असलेली पट्टी मांडली. पुढे ते लॉर्ड केल्विन झाले आणि तेच नाव एककास मिळाले. केल्विन पट्टीचे शून्य, म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला येते. या पट्टीवर २० अंश म्हणजे सुमारे २९३ आणि ४० अंश म्हणजे सुमारे ३१३. वाढ झाली ती दुप्पट नव्हे, जेमतेम ७ टक्के!

१९५४ मध्ये केल्विनचा आधार म्हणून पाणी, बर्फ आणि वाफ ही तिन्ही एकत्र टिकून राहतात तो बिंदू निवडला गेला, तो ०.०१ अंश सेल्सिअसला असतो. २० मे २०१९ पासून तोही आधार बदलला. आता केल्विन हे बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर, म्हणजे रेणूंच्या हालचालीची ऊर्जा व तापमान यांना जोडणाऱ्या ठरावीक संख्येवर आधारलेले आहे. लोण्यापासून निघालेली गोष्ट अशी रेणूंपर्यंत येऊन पोहोचली.

एका मापातून दुसऱ्या मापात

पाठ्यपुस्तकातील सूत्र सर्वांस ठाऊक आहे. तोंडी हिशेबाची एक सोपी रीत येथे देतो, उत्तर अगदी बरोबर येते. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ४५ ची दुप्पट ९०. त्यातून ९ गेले, उरले ८१. त्यात ३२ मिळविले की ११३ अंश फॅरनहाइट. उलट जायचे असेल तर आधी ३२ वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा आणि त्या निम्म्यात त्याचा नववा भाग मिळवा. १०२ मधून ३२ गेले, उरले ७०, निम्मे ३५, त्याचा नववा भाग सुमारे ३.९, म्हणून ताप ३८.९ अंश सेल्सिअस. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बाहेरचे ऊन ११३ आणि भावाचा ताप १०२. ऊनच जास्त!

काही ठरलेले आकडे लक्षात ठेवावेत :
बर्फ वितळणे : ० सेल्सिअस, ३२ फॅरनहाइट, २७३.१५ केल्विन.
निरोगी अंग : ३७ सेल्सिअस, ९८.६ फॅरनहाइट, ३१०.१५ केल्विन.
पाणी उकळणे (समुद्रसपाटीला) : १०० सेल्सिअस, २१२ फॅरनहाइट, ३७३.१५ केल्विन.
उणे ४० हा आकडा मात्र सेल्सिअस व फॅरनहाइट दोन्हींत एकच आहे.

येथे एक सावधगिरी हवी. 'तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त' असे वाचले तर त्यात ३२ मिळवायचे नाहीत. तो फरक आहे, जागा नव्हे. ४.५ सेल्सिअसचा फरक म्हणजे ८.१ फॅरनहाइटचा फरक.

तसेच ९८.६ या आकड्याचे. १८६८ मध्ये जर्मन वैद्य वुंडरलिख याने हजारो रोग्यांच्या नोंदींवरून निरोगी अंगाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस ठरविले. हा गोळाबेरीज आकडा होता. त्याचे फॅरनहाइट करताना दशांशचिन्ह आले आणि ९८.६ ही जणू काटेकोर रेषा आहे असा समज झाला. वस्तुतः निरोगी माणसाचे तापमान पहाटे कमी, संध्याकाळी थोडे जास्त असते आणि माणसागणिक बदलते. दशांश दिसला म्हणजे आकडा अचूक, असे समजू नये.

नागपूरचा पारा कसा मोजतात?

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. देशात त्याची सहा प्रादेशिक केंद्रे आहेत, त्यांपैकी एक आपल्या नागपुरात, सोनेगाव येथे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येणारा शहराचा आकडा मुख्यतः तेथील वेधशाळेचा असतो.

तो आकडा उन्हातला नसतो, सावलीतला असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तापमापक उन्हात धरला तर तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या काचेचे तापमान दाखवील. म्हणून पांढऱ्या रंगाची, चोहोबाजूंनी तिरप्या फळ्यांच्या झरोक्यांची लाकडी पेटी जमिनीपासून सुमारे चार फुटांवर उभी करतात. स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने ती काढली, म्हणून तिला स्टीव्हनसनची पेटी म्हणतात. हवा आत खेळते, ऊन शिरत नाही. त्यातील कमाल तापमापकाची नळी एका ठिकाणी चिमटलेली असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप खाली उतरत नाही. आपल्या तापाच्या थर्मामीटरला झटका द्यावा लागतो तो याच कारणाने. पेटीत एक तापमापक ओल्या फडक्यात गुंडाळलेलाही असतो. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून तो कमी आकडा दाखवितो. हवा जितकी कोरडी तितका फरक मोठा. आपला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. मे महिन्यात तो गारवा देतो आणि पावसाळ्यात नुसता दमटपणा, याचे कारण हेच.

मे महिन्यात नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३ अंशांच्या घरात असते. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंशांची विक्रमी नोंद झाली. फॅरनहाइटमध्ये ती ११८.२ भरते. देशातील विक्रम राजस्थानातील फलोदीचा : १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. जगातील मान्य विक्रम अमेरिकेतील डेथ व्हॅलीचा : १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश.

छप्पन्न अंशांचा दिवस

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून ३० मे २०२४ चा दिवस आठवावा. त्या गुरुवारी नागपुरात तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर पसरली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या उत्तर अंबाझरी मार्गालगतच्या शेतातील स्वयंचलित केंद्राने हा आकडा दाखविला होता. सोनेगावच्या स्वयंचलित यंत्रानेही ५४ दाखविले. परंतु त्याच शहरातील आणखी दोन स्वयंचलित केंद्रांवर, रामदासपेठ व वर्धा मार्गावरील कापूस संशोधन संस्था येथे, ४४ अंशांच्या आसपास नोंद होती. काही किलोमीटरच्या अंतरात बारा अंशांचा फरक कसा पडावा? हवामान खात्याने स्पष्ट केले की संबंधित संवेदकांत बिघाड झाला होता व ते आकडे ग्राह्य नाहीत. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती; तपासणीत तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले.

अशा यंत्रांत पारा नसतो. तापमानाप्रमाणे तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. यंत्र वाईट नव्हे. मिनिटामिनिटाची नोंद ठेवण्याची त्याची शक्ती मोठी आहे. पण रोध मोजणारी जोडणी बिघडली की आकडा बिघडतो, आणि यंत्राला लाज वाटत नाही. म्हणून कोणताही तापमापक ठरावीक काळाने प्रमाण तापमापकाशी ताडून पाहावा लागतो. देशाची प्रमाण मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपली जातात. फॅरनहाइटने दोन तापमापक शेजारी ठेवून जे केले, तेच काम आजही चालू आहे.

त्या दिवशी खोटा आकडा पकडला गेला तो कशामुळे? शेजारच्या केंद्रांचे आकडे होते म्हणून, आणि ५६ म्हणजे जवळजवळ जगाचा विक्रम हे जाणणारी माणसे होती म्हणून. ज्यांनी ताळा लावला ते फसले नाहीत. ज्यांनी मोबाइलवर आलेला आकडा तसाच पुढे धाडला ते फसले.

आकड्यामागची माणसे

कोणी म्हणेल, ४४ काय आणि ५६ काय, ऊन ते ऊन. तसे नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेले, किंवा प्रत्यक्ष ४५ अंश झाले, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. ४७ झाले तर तीव्र लाट. २०१६ पासून नागपूर महानगरपालिकेने उष्माघात टाळण्यासाठी कृती आराखडा हाती घेतला. रुग्णालयांत थंड कक्ष, दुपारी उद्याने खुली ठेवणे, लोकांना आधी सूचना देणे यांसारखी कामे अशाच आकड्यांवर अवलंबून असतात. आकडा खोटा वाढला तर उगाच घबराट होते आणि पुढच्या खऱ्या सूचनेवरचा विश्वास उडतो. आकडा खोटा उतरला तर एखाद्याचा जीव जातो.

आणि खरा आकडाही पुरती गोष्ट सांगत नाही. ४५ हे पेटीतल्या सावलीचे तापमान. इमारतीच्या स्लॅबवर सळई बांधणारा मजूर, मालधक्क्यावरील हमाल, भर दुपारी रिक्षा ओढणारा माणूस यांच्या डोक्यावर सावली नसते. पायाखालचे डांबर आणि हातातले लोखंड ६० अंशांच्याही पुढे तापते. घाम वाळला तरच अंग निवते. हवेत दमटपणा असला तर कमी आकड्यालाही जीव घाबरा होतो. म्हणून केवळ 'आज ४३ च आहे' असे म्हणून मजुराला उन्हात उभे करणे हा मापाचा गैरवापर आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल याच कामांवर पेटते. दुपारच्या कामाची वेळ बदलून मागताना वेधशाळेचा आकडा हाताशी असला, तर त्या मागणीला वजन येते.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. कोणताही आकडा पुढे आला की चार प्रश्न विचारा. कोणत्या पट्टीवर मोजला? कोणत्या साधनाने? कोठे, उन्हात की सावलीत? आणि शेजारच्या साधनाशी तो जुळतो काय? शक्य असल्यास शाळेत भिंतीवरचा एक साधा तापमापक मिळवा, सावलीत टांगा, एका उन्हाळ्याची रोजची नोंद वहीत ठेवा आणि सोनेगावच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक आला तर निराश होऊ नका. त्या फरकाचे कारण शोधू लागलात की विज्ञानाचा अभ्यास सुरू झाला असे समजा. डँझिगच्या पोरक्या मुलाजवळही आरंभी काचेची नळी, थोडा पारा आणि ताळा लागेपर्यंत न थांबण्याची सवय, यापलीकडे फारसे काही नव्हते.